मलिक अंबर आणि त्याच्या नावातील सुगंध

जानेवारी संपत आला की आपल्या नरखेड तालुक्याची ओळख पाहुण्याला आधी नाकाने पटते आणि मग डोळ्यांनी. सावरगाव, मोवाड, जलालखेडा, कोठेही जा, संत्र्याच्या बागा आंबिया बहारावर आलेल्या असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात बागेला ताण द्यायचा, पाने मलूल होईपर्यंत झाडाला तहानलेले ठेवायचे आणि मग पाणी सोडायचे, ही रीत येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पाणी मिळाले की बारीक पांढरी फुले लागतात आणि बांधावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर वास धावून येतो. मात्र हा वास फार चंचल. पहाटे तो सगळ्या शिवारात असतो, दुपारच्या उन्हात शोधावा लागतो, आणि फुले गळाली की वर्षभर आठवणीपुरता उरतो.

ह्याच्या अगदी उलट स्वभावाचा वास आपल्यापैकी बहुतेकांनी ईदच्या सकाळी अनुभवला असेल. घरातील वडीलधारी मंडळी नमाजला निघण्यापूर्वी कपाटातील लहानशी कुपी काढतात, कापसाचा फाया भिजवून कानाच्या पाळीत ठेवतात. तो फाया संध्याकाळी फेकला तरी शेरवानीच्या गळ्याला वास असतो. पुढच्या ईदला ती शेरवानी पेटीतून काढावी, तर मागच्या ईदची खूण तिच्यात अजून शिल्लक असते. अत्तराचे जाणकार ह्याचे कारण सांगतात. चांगल्या अत्तरात सुगंधाचे थर असतात. वरचा थर संत्रे, लिंबू, मोसंबी ह्यांसारख्यांचा. तो प्रथम भेटतो आणि घटकाभरात निरोप घेतो. मधला थर गुलाब, मोगरा, केवडा ह्या फुलांचा. तो काही तास साथ देतो. तळाचा थर चंदन, ऊद, कस्तुरी आणि अंबर ह्यांचा. हा थर स्वतः टिकतो आणि वरच्या दोघांनाही धरून ठेवतो. कनौजला डेग आणि भपका लावून फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात तो ह्याचसाठी. फुलाला आधार लागतो.

तळाच्या ह्या थरातील एक अत्यंत महाग द्रव्य अंबर. आणि ज्या माणसाचे चरित्र आज विद्यार्थी मित्रांपुढे व पालकांपुढे मांडायचे आहे त्याचे नावही अंबर. इतिहासाच्या पुस्तकात मलिक अंबर म्हणून त्याच्यावर चार ओळी येतात, त्या परीक्षेपुरत्या पाठ होतात आणि विसरल्या जातात. आपल्या तालुक्याचा आणि ह्या माणसाचा एक दूरचा धागाही आहे. नागपुरी संत्र्याची कलमे अठराव्या शतकात रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेहून आणली असे सांगितले जाते. ते शहर वसवले मलिक अंबरने, आणि तेथे पाणी खेळवले तेही त्यानेच. म्हणजे आपल्या बागांचे मूळ ज्या गावाशी जोडतात, त्या गावाचे मूळ ह्या माणसाशी जाऊन भिडते.

प्रथम नावाचा उलगडा करू. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला अंबर म्हटले की आकाश आठवते, फार तर पीतांबर आठवतो. तो संस्कृत शब्द वेगळा. ह्या माणसाचे नाव अरबी अन्बर ह्या शब्दावरून आलेले आहे. समुद्राच्या किनाऱ्यावर कधीकाळी सापडणारा, राखी रंगाचा, मेणासारखा हलका गोळा म्हणजे अंबर. अरबीत ह्याच शब्दाचा अर्थ एक प्रचंड समुद्री प्राणी असाही होतो. हजरत अबू उबैदा (रजि.) ह्यांच्या नेतृत्वाखालील उपाशी तुकडीला किनाऱ्यावर पडलेला महाकाय मासा सापडला आणि त्यावर तिने कित्येक दिवस काढले, ही हदीसमधील हकिगत अनेकांनी ऐकली असेल. त्या माशाचे नाव अन्बर असेच आलेले आहे. प्राणी आणि सुगंध ह्यांचे नाव एकच असूनही ह्या गोळ्याचे मूळ काय, ह्यावर विद्वान शेकडो वर्षे वाद घालीत राहिले. कोणी म्हणे तो समुद्राच्या तळच्या झऱ्यातून उसळतो, कोणी म्हणे ते मधमाश्यांचे मेण आहे, कोणी ती पक्ष्यांची विष्ठा ठरवली. अठराव्या शतकात देवमाशाची शिकार करणाऱ्या खलाश्यांच्या माहितीवरून उलगडा झाला. स्पर्म व्हेल ह्या जातीचा देवमासा माकूळ खातो. माकुळाची कठीण चोच पचत नाही. तिच्याभोवती आतड्यात एक पदार्थ साचत जातो, तोच अंबर.

आता नवलाची गोष्ट ऐका. ताजा अंबर काळा, चिकट आणि अत्यंत दुर्गंधी असतो. तो कोणी हातात घेणार नाही. पण समुद्रात वर्षानुवर्षे तरंगताना खारे पाणी, ऊन आणि हवा त्याच्यावर काम करतात. त्यात अँब्रीन नावाचे द्रव्य असते, त्याला स्वतःला वास नसतो. हवेने आणि उन्हाने त्याचे विघटन होते आणि त्यातून ते गोड, किंचित खारट, जुन्या लाकडाची व तंबाखूची आठवण करून देणारे गंधद्रव्य तयार होते. काळा गोळा राखी होतो, राखीचा पांढुरका होतो, आणि जितका तो फिका तितका मोलाचा. फारसीत अशा अंबराला अंबर-ए-अशहब म्हणत. अकबराच्या दरबारातील खुशबूखान्याचे दर अबुल फजलने आईन-ए-अकबरीत नोंदवले आहेत. कस्तुरी तोळ्याला एक ते साडेचार रुपये, आणि अंबर-ए-अशहब तोळ्याला एक ते तीन मोहरा. ह्यावरून काय ते समजावे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने अत्तरे व अर्क ह्यांवर ग्रंथ लिहिला त्या आधीपासून कस्तुरी व अंबर एकत्र करून गालिया नावाचा उंची लेप बनत असे. येमेनच्या शिहर किनाऱ्यावरचा अंबर सर्वोत्तम मानला जाई, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याचाही नावाजलेला होता.

त्याच किनाऱ्यांवरून, त्याच गलबतांतून आणखी एक माल येत असे. तो माल म्हणजे माणसे. हबशांच्या देशातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, पकडलेली मुले तांबड्या समुद्राच्या बंदरांत विकली जात. त्यांची किंमत अनेकदा हिंदुस्थानी कापडात चुकती होई. मालक त्यांना नवी नावे देत आणि ही नावे बहुधा मौल्यवान वस्तूंची असत. कापूर, याकूत म्हणजे माणिक, संबूल म्हणजे जटामांसीसारखी सुगंधी वनस्पती, रेहान म्हणजे सब्जा. देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर हा कापूरच. जंजिऱ्याचा सिद्दी संबूल, सिद्दी याकूत ही नावे शिवकालाच्या इतिहासात आपण वाचतो, तेव्हा त्यांचा अर्थ मनात येत नाही. वरवर ही लाडाची नावे वाटतात. परंतु ज्याने ती दिली त्याच्या दृष्टीने अत्तर आणि गुलाम एकाच वहीत लिहिण्याच्या वस्तू होत्या. आईबापांनी ठेवलेले नाव पुसून त्या जागी दुकानातील मालाचे नाव बसवले जाई, हे लक्षात ठेवूनच पुढचे चरित्र वाचले पाहिजे.

मलिक अंबरचे आईबापांनी ठेवलेले नाव चापू असे होते. १५४८ च्या सुमारास इथिओपियात त्याचा जन्म झाला. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात पोचला आणि हातोहात विकला गेला. येमेनच्या मोखा बंदरात, जेथून पुढे कॉफीला नाव मिळाले, त्याचा एक सौदा झाला. तेथून तो बगदादला मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याकडे आला. ह्या मीर कासीमने दोन गोष्टी केल्या. पोराची बुद्धी ओळखून त्याला इस्लामची दीक्षा व शिक्षण दिले, आणि त्याचे नाव अंबर ठेवले. गुलामाला शिकवण्यात व्यापाऱ्याचा स्वार्थ नव्हता असे कोणी म्हणू नये. शिकलेल्या गुलामाला भाव जास्त येतो. तरीही खरेदीची पावती मालकाच्या हातात राहिली आणि विद्या मुलाच्या डोक्यात राहिली, आणि पुढे मालक बदलले तेव्हा पावती हस्तांतरित झाली, विद्या झाली नाही. हिशेब, कारभार आणि पाण्याचे काम ह्यांत त्याने नंतर जे करून दाखवले त्याची पूर्वतयारी कोठे झाली असेल असा विचार केला, तर नजर बगदादच्या त्या वर्षांकडेच जाते.

१५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान ह्याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतः हबशी आणि एके काळचा गुलाम. दख्खनची ही रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. येथे लष्करी गुलाम शौर्याच्या बळावर सरदार होत असे, वजीर होत असे. १५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाड जिंकले ती मोहीम चंगेजखानाच्याच कारकिर्दीतील. आपल्या तालुक्याच्या कडेने वाहणारी वर्धा नदी ही त्या वऱ्हाडाची पूर्वेकडील सीमा. त्यानंतर लवकरच दरबारी कारस्थानात चंगेजखानाला विष देण्यात आले. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले.

सुटलेला गुलाम पंचवीस-सव्वीस वर्षांचा, घर ना दार. बीबी करीमा हिच्याशी त्याचा निकाह झाला आणि पोटासाठी तो घोडा व भाला घेऊन चाकरी शोधीत फिरला. सुमारे वीस वर्षे त्याने विजापूरच्या आदिलशाहीत काढली. मलिक हा किताब त्याला तेथेच मिळाला. त्या काळचे विजापूर हबशी सरदारांच्या हातात होते आणि गादीवर बालवयातील इब्राहीम आदिलशहा दुसरा होता. पुढे हाच इब्राहीम संगीत व सुगंध ह्यांचा एवढा शौकीन निघाला की निजामुद्दीन महमूद नावाच्या लेखकाने त्याच्यासाठी इत्र-ए-नौरसशाही हा फारसी ग्रंथ रचला. त्यात नाना प्रकारचे सुगंध सिद्ध करण्याच्या रीती आहेत. अंबर नावाचा शिपाई त्या दरबाराच्या चाकरीत असताना खऱ्या अंबराचा धूर त्याच्या नाकापर्यंत किती वेळा पोचला असेल, हा केवळ माझ्या मनात येणारा प्रश्न आहे. पगार पुरत नसल्याने १५९५ च्या सुमारास तो विजापूर सोडून दीडशे घोडेस्वारांसह पुन्हा निजामशाहीत आला, एवढे मात्र इतिहास सांगतो.

तो आला तेव्हा निजामशाही बुडत होती. अकबराच्या फौजांनी अहमदनगरला वेढा घातला. चांदबिबीने किल्ला झुंजवला, पण १५९६ च्या तहात वऱ्हाड द्यावे लागले आणि १६०० मध्ये चांदबिबीची हत्या होऊन किल्लाही पडला. राजधानी गेली, सुलतान कैदेत गेला. पन्नाशी ओलांडलेला एक माजी गुलाम, ज्याच्याकडे वतन नाही, जात नाही, भाऊबंद नाहीत, अशा माणसाने ह्या क्षणी निजामशाही संपली असे मानायला नकार दिला. राजघराण्यातील एक तरुण शोधून त्याला मुर्तजा निजामशहा दुसरा म्हणून परांड्यात गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. त्यानंतरची सव्वीस वर्षे मोगल साम्राज्य दख्खनच्या ह्या एका माणसापाशी अडून राहिले.

लढाईची त्याची रीत आपल्याला ओळखीची वाटेल. समोरासमोर उभे राहायचे नाही. चपळ घोडदळाने रसद तोडायची, रात्री छावणीवर पडायचे, शत्रूला डोंगरदऱ्यांत ओढून न्यायचे. मराठे बारगीर ह्या कामात त्याचे उजवे हात होते. इंग्रज प्रवासी विल्यम फिंच ह्याच्या नोंदीवरून त्याच्या सैन्यात सुमारे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी होते. मालोजी भोसले निजामशाहीच्या चाकरीत होते आणि त्यांचे पुत्र शहाजीराजे ह्यांनी आपली उमेदवारी ह्याच फौजेत केली. मोगलांकडून त्याच्याशी झुंजलेल्या सेनापतींत अब्दुर्रहीम खानखानाही होते, ज्यांचे दोहे आपली मुले हिंदीच्या पुस्तकात शिकतात. नांदेडजवळच्या लढाईत अंबर जखमी होऊन पडला, त्याच्या माणसांनी त्याला उचलून नेले, आणि बरा होताच त्याने पुन्हा तेच सुरू केले.

जहांगीर बादशहाला ह्या माणसाचे नाव काढले तरी संताप येई. आत्मचरित्रात तो अंबरचा उल्लेख त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या दिल्याशिवाय क्वचितच करतो. आणि त्याच पुस्तकात, त्याच लेखणीने, गुलाबाच्या अत्तराचे कौतुक केलेले आहे. नूरजहाँची आई अस्मत बेगम गुलाबपाणी काढीत असताना गरम पाण्यावर तेलाची साय आलेली तिने पाहिली आणि ती जमा केली. तिचा एक थेंब तळहाताला लावला तर सगळी मजलीस दरवळते असे बादशहा लिहितो. सलीमा सुलतान बेगमने त्या अत्तराला बादशहाचेच नाव दिले, इत्र-ए-जहांगिरी. बादशहाचे नाव सुगंधाला मिळाले आणि सुगंधाचे नाव गुलामाला मिळाले, आणि दोघे आयुष्यभर एकमेकांशी लढले. १६१६ च्या सुमारास अबुल हसन ह्या चित्रकाराने एक चित्र काढले, ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून जहांगीर भाल्यावर टोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात अंबर कधीही त्याच्या हाती लागला नाही. बादशहाला ती हौस कागदावर फेडून घ्यावी लागली.

त्याच्या चरित्रातील काळी बाजू झाकण्याचे कारण नाही. १६१० मध्ये दरबारात कलह पेटला. सुलतानाच्या थोरल्या इराणी बेगमेने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले आणि अंबरविषयीही अपशब्द काढले. पिटर व्हान डेन ब्रुक ह्या डच व्यापाऱ्याने १६१७ मध्ये अंबरची छावणी पाहिली. त्याच्या नोंदीनुसार अंबरने सुलतान व ती बेगम दोघांनाही विष देवविले आणि पाच वर्षांच्या मुलाला बुऱ्हाण निजामशहा म्हणून गादीवर बसवले. विष देऊन मारला गेलेला चंगेजखान हा ह्याच अंबरचा पहिला दख्खनी धनी होता, हे आठवले की मन अधिकच खिन्न होते. चापू नावाच्या मुलावर जे नाव लादले गेले त्याचा सल साठीतही किती जिवंत होता, हे मात्र ह्या प्रसंगावरून कळते. मुलीचा अपमान त्याने सुलतानाच्या जिवापेक्षा मोठा मानला. त्याला न्याय म्हणता येणार नाही.

त्याच १६१० साली त्याने दौलताबादेजवळ खडकी नावाच्या खेड्याच्या जागी राजधानी उभारली. नाव खडकी, आणि जमीनही नावाप्रमाणे खडकाळ. पाणी मोठ्या वस्तीला पुरेल असे नाही. येथे अंबरने जे केले ते मला त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठे वाटते. उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरणारे पाणी त्याने भुयारी कालव्याने गोळा केले आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. ठिकठिकाणी हवा जाण्यासाठी व गाळ काढण्यासाठी तोंडे ठेवली, पुढे मातीच्या नळांनी आणि दगडी मनोऱ्यांनी ते पाणी हौदांपर्यंत, मशिदींपर्यंत, मोहल्ल्यांपर्यंत पोचवले. मोट नाही, बैल नाही, रहाट नाही. इराण आणि अरबस्तानात अशा भुयारी कालव्यांची परंपरा जुनी, ती दख्खनच्या खडकात उतरवणे हे काम अंबरचे. ह्या कालव्याला लोक नहर-ए-अंबरी म्हणू लागले. १६१६ मध्ये काही सरदार फुटले, रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी लुटून उद्ध्वस्त केली. त्याने ती पुन्हा बांधली.

शेतसाऱ्याकडेही त्याने लक्ष दिले. पूर्वी गावाचा वसूल मक्त्याने दिला जाई. मक्तेदार सरकारात ठराविक रक्कम भरी आणि रयतेकडून हवे ते ओरबाडी. अंबरने मक्ता बंद केला, जमिनीचा कस पाहून प्रत्यक्ष पिकाच्या अंदाजाने धारा बसवला आणि वसुली गावच्या पाटील-कुलकर्ण्यांमार्फत ठेवली. पुढे दोनशे वर्षांनी इंग्रज अंमलदार मराठी मुलखाचा इतिहास लिहू लागले तेव्हाही मलिक अंबरच्या धाऱ्याचे नाव गावोगाव निघत होते. आपल्या पालकांपैकी जे शेतकरी आहेत त्यांना ह्याचे मोल वेगळे सांगायला नको.

१६२४ मध्ये मोगल आणि विजापूर एकत्र येऊन त्याच्यावर चालून आले. अंबर त्या वेळी पंचाहत्तरीच्या घरात होता. अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडला, शत्रूच्या वाटेत चिखल केला, रात्री छापे घालून छावणी हैराण केली आणि मग दोन्ही फौजांचा धुव्वा उडवला. शहाजीराजे ह्या लढाईत गाजले, त्यांचे बंधू शरीफजी पडले. विजयाच्या भरात अंबर थेट विजापुरापर्यंत गेला आणि शहराबाहेरचे नौरसपूर त्याने उद्ध्वस्त केले. इब्राहीम आदिलशहाने १५९९ मध्ये मोठ्या हौसेने वसवायला घेतलेले, गाण्याचे आणि सुगंधाचे नगर होते ते. खडकीची राख पाहिलेल्या माणसाने नौरसपूरची राख करावी, ह्याला काय म्हणावे? सूड म्हणावे तर खडकी जाळणारे मोगल होते. ज्याने बांधणे किती अवघड असते हे जाणले होते त्यानेच हे केले, एवढे नोंदवून पुढे जावे लागते.

मे १६२६ मध्ये मलिक अंबरचे निधन झाले. वय ऐंशीच्या जवळ आले होते. ज्या दरबाराने त्याला आयुष्यभर शिव्या दिल्या, त्याच मोगल दरबाराचा इतिहासकार मुतमदखान ह्याने त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याचे शौर्य, कारभार आणि मुलखात राखलेला बंदोबस्त ह्यांची मोकळ्या मनाने तारीफ केली. त्याचा मुलगा फतेहखान हा वारसा पेलू शकला नाही. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले. खडकीचे फतेहनगर झाले, मग शहाजादा औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. शहराला इतकी नावे मिळाली, कालव्याला मात्र लोकांनी दुसरे नाव दिले नाही.

विद्यार्थी मित्रांच्या मनात एक शंका येईल, ती येथेच दूर करतो. आज बाजारात अंबर नावाने मिळणाऱ्या कुप्यांत खरा अंबर असतो काय? बहुधा नसतो. बऱ्याच कुप्यांत लोबान, व्हॅनिला आणि तत्सम डिंकांचे मिश्रण असते, रंगावरून त्याला अंबर म्हणतात. खऱ्याच्या वासाजवळ जाणारे द्रव्य १९५० पासून क्लॅरी सेज नावाच्या वनस्पतीतून मिळणाऱ्या पदार्थापासून कारखान्यात तयार होते, आणि परदेशी महाग सुगंधांत तेच वापरतात. भारतात देवमाशाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे. कोकण किनाऱ्यावर सापडलेला अंबर बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे आणि त्यापायी माणसे पकडली गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तेव्हा समुद्रावर सहलीला गेलात आणि राखी गोळा दिसला तर हात न लावता वनखात्याला कळवा.

शाळांच्या सहली वेरूळची लेणी पाहायला जातात. लेण्यांपासून खुलताबाद अगदी जवळ आहे. औरंगजेबाची साधी उघडी कबर पाहण्यासाठी तेथे गाड्या थांबतात. त्याच गावाबाहेर थोडे पुढे गेले की मलिक अंबरची घुमटाची कबर लागते, आणि जवळच बीबी करीमेची. मलिक अंबरने ही वास्तू स्वतःच्या हयातीतच बांधून ठेवली होती असे सांगतात. तेथे गर्दी नसते. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी तेवढी अर्ध्या तासाची सवड ठेवावी, आणि परतताना शहरात नहर-ए-अंबरीचे जे मनोरे अजून उभे आहेत तेही मुलांना दाखवावेत.